पुतळाबाईच्या अभिनंदनाचा फ्लेक्स

शुक्रवार, सकाळचे सव्वासहा. स्थळ : पंचवटी, भाजीबाजाराच्या तोंडावरचा चौक. विजेचा खांब आणि कडुनिंबाचं झाड यांच्यामध्ये चार माणसांनी मला सुतळीने ताणून बांधलं. परवानगी कोणाचीही घेतलेली नव्हती. वाहतूक पोलीस समोरच उभा होता. त्याने मान वर करून मला वाचलं आणि बांधणाऱ्यांना सांगितलं, "डावीकडून जरा वर घ्या, वाकडा दिसतोय."

मी फ्लेक्स बोलतोय.

हो, तोच. पंधरा फूट लांब, दहा फूट उंच. ज्याच्या नावाने तुम्ही शहर विद्रूप झालं म्हणून बोटं मोडता, आणि ज्याच्यावर आपलं नाव कुठे आहे ते आधी शोधता. आमची आयुष्यं लहान असतात. वाढदिवस सरला की उतरवतात, नाहीतर वारा फाडतो. आमच्यावर दुसऱ्यांनीच लिहिलेलं असतं, त्यामुळे आमचं म्हणणं कोणी विचारत नाही. पण माझ्यावर जे लिहिलं होतं ते धडधडीत खोटं होतं, आणि ते खोटं असल्याचा पुरावाही माझ्याच अंगावर छापलेला होता. म्हणून बोलणं भाग आहे.

माझा जन्म आदल्या संध्याकाळी तनयच्या छपाईच्या दुकानात झाला. मोठ्या गुंडाळीतून मला ओढलं, मशीनचं डोकं माझ्या अंगावरून येरझाऱ्या घालू लागलं आणि शाईच्या उग्र वासात एकेक चेहरा उमटत गेला. सगळ्यात वर गोल चौकटीतले मोठे पुढारी. त्यांच्या खाली, मधोमध, हात जोडलेले शेखरदादा, भावी नगरसेवक. हे 'भावी' इतकी वर्षं छापलं जातंय की तनयने ते संगणकात कायमचं साठवून ठेवलंय. मग दोन्ही बाजूंना पंचवीस-तीस शुभेच्छुक. आणि उजव्या कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, जिचं अभिनंदन होतं ती पुतळाबाई. फोटो आधार कार्डावरचा, घाबरलेला.

घडलं होतं ते असं. पुतळाबाई या भाजीबाजारात मेथी-कोथिंबीर विकायची. दरवर्षी दिवाळी बंपरचं एक तिकीट घ्यायची आणि कमरेच्या पिशवीत पानसुपारीबरोबर ठेवायची. निकालाच्या दिवशी चहाच्या टपरीवर शेखरदादांनी मोबाईलवरून पहिल्या बक्षिसाचा आकडा मोठ्याने वाचला. तिने तिकीट सोमनाथच्या हातात दिलं. सोमनाथ म्हणजे तिच्या बहिणीचा मुलगा, रिक्षा चालवतो. आकडा जुळला. सहाच्या सहा अंक. दोन कोटी! त्यानंतर कोण काय म्हणालं ते कोणालाच आठवत नाही, कारण सगळे एकदम ओरडत होते.

आकड्याच्या आधी मालिकेची दोन अक्षरं असतात. तीही जुळावी लागतात. ती कोणी वाचली नाहीत.

एकट्या तनयने वाचली. शोभा यावी म्हणून त्याने माझ्यावर तिकिटाचा फोटो आणि निकालाचा फोटो शेजारी शेजारी टाकला होता.

"दादा, तिकिटावर केबी आहे. निकालात केडी दिसतंय."

"छपाईत होतं रे तसं."

"लॉटरीच्या छपाईत?"

"तनय, उद्या उजाडायच्या आत चौकात फ्लेक्स लागला पाहिजे. पलीकडच्या गल्लीवाल्यांनी आधी लावला तर बाई त्यांची होईल. तू अक्षरं बघत बस! आणि ऐक, माझा फोटो जरा मोठा कर."

"मग आजींचा लहान होईल."

"होऊ दे. त्यांना काय निवडणूक लढवायचीय?"

तनयने फोटो मोठा केला. त्याला अजून तीन वाढदिवस आणि एक दशक्रिया विधी छापायचा होता.

अशा रीतीने केबी आणि केडी ही अक्षरं वीत-वीतभर उंचीची होऊन चौकात लागली. सगळ्या पंचवटीने मला वाचलं. शुभेच्छुकांनी आपापली नावं वाचली. ज्यांची नावं राहिली होती त्यांनी दोनदोनदा वाचली आणि शेखरदादांना फोन केले. एका वर्तमानपत्राने माझा फोटो पहिल्या पानावर छापला, त्यावर मथळा दिला : 'मेथीवाली कोट्यधीश'. फोटोत दोन्ही अक्षरं स्वच्छ दिसत होती. बातमी लिहिणाऱ्याने पाहिली नाहीत, तपासणाऱ्याने पाहिली नाहीत. मग वाचकाने तरी का पाहावीत?

त्या पहिल्याच सकाळी पुतळाबाई नेहमीसारखी डोक्यावर मेथीची पाटी घेऊन आली. शेखरदादा आडवे आले.

"आई, हे काय? आता तुम्ही बाजारात बसायचं नाही."

कालपर्यंत ते तिला 'ए मावशी' म्हणत. ती मागे वळून बघायला लागली, कोणाची आई आली म्हणून.

"आन् मेथी?"

"मेथी वाटून टाकू आपण. प्रसाद म्हणून!"

"आरं, जागा जाईल माझी. ही आता येत नाय असं झालं की बाजार लय वाईट."

"कोण घेतंय तुमची जागा? मी आहे ना!"

ती जागा काय होती हे सांगायला हवं, कारण दोन कोटींपेक्षा ती महत्त्वाची होती. या बाजारात बसायच्या जागेचा कागद कोणापाशी नसतो. धोंडा असतो. बाजार उठला की आपल्या जागेवर आपला धोंडा ठेवून घरी जायचं. आजारपण असो, बाळंतपण असो, गावची जत्रा असो, माणूस महिनाभर आलं नाही तरी त्याचा धोंडा कोणी हलवत नाही. पुतळाबाईचा धोंडा नळाशेजारी होता. फुटक्या पाट्याचा काळा तुकडा, एका बाजूला टाकी लावलेली. मसाला वाटायच्या पाट्यावर छिन्नीने ठोकलेल्या त्या खुणा अजून दिसत. हा धोंडा तिच्या सासूने ठेवला होता. त्या नळामुळे तिची मेथी दुपारीही ताजी राहायची. तिचं सगळं घर त्या ओल्या चार फुटांवर चाललं होतं.

तिने मेथी खाली उतरवली नाही. पाटी तशीच घेऊन ती बाजारात गेली, धोंडा जागेवर आहे हे पाहून आली आणि मग निमूट सोमनाथच्या रिक्षात बसून पेठ नाक्याजवळच्या आपल्या खोलीवर गेली.

तो दिवस भेटायला येणाऱ्यांतच गेला. मग शनिवार-रविवार आणि वर सोमवारची सुट्टी. लॉटरीचं कार्यालय मुंबईत, ते मंगळवारी उघडणार. ह्या मधल्या दिवसांत माझ्या सावलीत माणसं जमू लागली. टपरीवाल्याने बाकडं माझ्याखाली सरकवलं. दोन कोटी दुसऱ्या बाईला लागलेले, आणि खर्चाचा बेत मात्र प्रत्येकाकडे तयार!

"मला लागले असते ना," एक रिक्षावाला म्हणाला, "तर मी रिक्षा विकली नसती. ड्रायव्हर ठेवला असता आणि मागे बसलो असतो. आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्यावर ओरडलो असतो."

"मी तर नोकरी सोडणार नाही," एक सरकारी बाबू म्हणाले. "रोज ऑफिसला जाईन. फक्त काम करणार नाही."

"मग आत्ता काय करता?"

वेणीमाधव गुरुजी रामकुंडावरून परतताना रोज एक कटिंग घेत. त्यांनी सांगितलं, "मला लागले तर मी दक्षिणा बंद करीन."

"घेणंच बंद?"

"छे! मोजून घेणं बंद."

मालिनीबाईंचं निराळं. त्या मोठ्या सोसायटीत राहतात, बँकेतून निवृत्त झाल्यात, आणि कोथिंबिरीच्या जुडीवर फुकट कढीपत्ता घेतल्याशिवाय त्यांनी पुतळाबाईला कधी सोडलं नाही. "मी असते तर निम्मी रक्कम दान केली असती," त्या म्हणाल्या. "पैसा काय, हाताचा मळ." एवढं बोलून त्यांनी टपरीवाल्याकडून सुटा रुपया मागून घेतला. मग रिक्षा करून पुतळाबाईच्या खोलीवर गेल्या आणि 'पुतळाताई, पैसा नुसता पडून राहू देऊ नका' हे तिला दोन तास समजावून आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या तिच्याकडून काही न घेता परतल्या. तिच्याकडे त्या दिवशी कढीपत्ता नव्हता.

सोमनाथच्या घरी तर लढाईच झाली. मावशीच्या पैशांत फ्लॅट घ्यायचा हे ठरलं होतं. मावशीला विचारायचं तेवढं राहिलं होतं. तो म्हणे पाथर्डी फाट्याला घेऊ, त्याची बायको उज्वला म्हणे गंगापूर रोडशिवाय पाय ठेवणार नाही. माझ्याखाली रिक्षा उभी करून दोघं भांडत होती.

"तुझ्या सटाण्यात कुठं होता गंगापूर रोड?"

"माझं सटाणं काढू नका! आणि हॉलमध्ये तुमच्या आईचा पलंग येणार नाही, आत्ताच सांगते."

"कुठला हॉल? कुठंय हॉल?"

"बघा, म्हणजे घ्यायचाच नाही तुम्हाला!"

उज्वला त्याच दिवशी सटाण्याच्या एसटीत बसली. न घेतलेल्या घरातल्या न आणलेल्या पलंगावरून बाई माहेरी गेली. हसू नका. बाकड्यावर बसून तुम्हीही आतल्या आत नकाशे काढत होतात, मी वरून बघत होतो.

रविवारी संध्याकाळी माझ्यासमोर सत्कार झाला. बँड, हलगी, फटाके. पुतळाबाईला शाल, नारळ आणि फेटा. फेटा तिच्या कपाळावरून सारखा डोळ्यांवर येत होता. शेखरदादांनी माईक तिच्या तोंडाशी धरला.

"आई, सगळं नाशिक ऐकतंय. दोन कोटींचं काय करणार?"

तिने फेटा डोळ्यांवरून वर सारला. मग म्हणाली, "जागेवर पत्रा टाकीन. दुपारचं लय ऊन लागतं. मेथी सुकती."

मग टाळ्या. असा हशा की फटाक्यांचा आवाजही दबला. शेखरदादांनी माईक काढून घेतला. "हा साधेपणा! ही आपली संस्कृती! आई, पत्रा काय, आम्ही तुम्हाला बंगला बांधायला लावू!"

"बंगल्यात कोण येतंय मेथी घ्यायला?" ती म्हणाली. पण माईक आता तिच्याकडे नव्हता.

बँड पुन्हा वाजू लागला. त्याच आवाजात माझ्या पाठीमागे, बाजाराच्या बाजूने, फरशीवरून दगड ओढल्यासारखा आवाज आला. बँडमुळे नीट ऐकू आलं नाही. मागचं मला दिसत नाही. माझ्यावर तीसेक चेहरे छापले होते, साठ डोळे होते, पण सगळे रस्त्याकडे तोंड करून. बाजाराकडे बघणारा एकही नव्हता.

मंगळवारी सोमनाथ तिला मुंबईला घेऊन गेला. कार्यालयातल्या माणसाने तिकीट हातात घेतलं आणि चष्मा न लावताच परत दिलं. "मावशी, नंबर तुमचाच आहे. मालिका दुसरी आहे. ह्याच्यावर काही नाही." एवढंच. सोमनाथ वाद घालत होता, तेव्हा ती म्हणाली म्हणे, "चल बाबा, गाडी चुकंल. उद्या बाजार हाय."

हे मला कळलं ते बुधवारी, सोमनाथ टपरीवर कोणाकडेही न बघता सांगत होता तेव्हा. त्यानंतर जे घडलं ते माझ्या जातीत कोणाच्या वाट्याला आलं नसेल. दहा वाजता शेखरदादांचा माणूस शिडी आणि ब्लेड घेऊन आला. त्याने मला उतरवलं नाही. उतरवायला मजूर लागतात. त्याने फक्त शेखरदादांचा चेहरा कापला, गुंडाळला आणि नेला. ते पाहून दुसरा आला. मग तिसरा. ज्याने त्याने आपापला चेहरा कापून नेला, वरच्या पुढाऱ्यांचे त्यांच्या कार्यकर्त्यांनी नेले. एकाने घाईत शेजाऱ्याचा कान नेला, त्यावरूनही शिवीगाळ झाली. दुपारपर्यंत माझी चाळण झाली होती. शिल्लक राहिलं 'हार्दिक अभिनंदन', केबी, केडी आणि कोपऱ्यातली घाबरलेली पुतळाबाई.

ती स्वतः सकाळीच आली होती, पाटी घेऊन. नळाशेजारी धोंडा नव्हता. तिथे एक नवा माणूस किवी आणि ड्रॅगन फ्रूटचे खोके मांडून बसला होता.

"दादा, ही जागा माझी हाय."

"मला दाखवली, मी बसलो, मावशी."

"कोणी दाखवली?"

तो इकडे तिकडे बघू लागला. "सगळ्यांनीच."

सगळ्यांनी म्हणजे कोणी? शेजारची टोमॅटोवाली अक्काबाई म्हणाली, "आम्हाला वाटलं तू आता काय येतीस! कोट्यधीश झालीस ना गं." विक्रेत्यांच्या संघटनेने सांगितलं, जागा तिने स्वखुशीने सोडली असा आमचा समज झाला. समज कोणामुळे झाला? फ्लेक्समुळे. शेखरदादांचा फोन लागेना. एकदा लागला तेव्हा ते म्हणाले, "मावशी, तुम्ही अक्षरं बघून घ्यायला हवी होती. माझी किती बदनामी झाली, तुम्हाला कल्पना आहे का?" आई पाच दिवसांत पुन्हा मावशी झाली होती. मालिनीबाई त्या माणसाकडून किवी घेत होत्या. त्यांनी तिला ओळख दिली नाही. ड्रॅगन फ्रूटवर कढीपत्ता मिळत नाही, हे त्यांना तेवढ्यात कळून चुकलं होतं.

त्या दुपारी मला उतरवलं ते पुतळाबाईने, सोमनाथच्या मदतीने. बाजाराबाहेर, कुंभमेळ्यासाठी खोदून ठेवलेल्या रस्त्याच्या कडेला तिने पाटी मांडली आणि मला चार काठ्यांवर ताणलं. शेवटी जागा नसली तरी तिला छत मिळालं होतं, ते मी. खोटं सांगत नाही, माझ्या आयुष्यातलं तेवढंच काम मला आवडलं. पण मी भोकाभोकांचा होतो. जिथे शेखरदादा हात जोडून हसत होते, तिथून ऊन थेट मेथीवर पडायचं. ती दिवसभर पाटी इकडची तिकडे सरकवायची, या शुभेच्छुकापासून त्या शुभेच्छुकापर्यंत.

"मावशी, छत्री घे एखादी," सोमनाथ म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. ह्यांनी एवढं मोठं केलंय ना मला, जरा बसते त्यांच्या सावलीत," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळी हसली. सोमनाथही हसला. उज्वला सटाण्याहून परत आली होती. आता घरात भांडायला हॉल उरला नव्हता.

शनिवारी अतिक्रमणाची गाडी आली. चौकात, पोलिसासमोर, रहदारी अडवून मी पाच दिवस उभा होतो तेव्हा ही गाडी रोज माझ्याखालून गेली होती. आतल्या माणसांनी मला वाचलंही होतं. आता मी एका बाईच्या डोक्यावर ऊन अडवत होतो, तर मला अर्ध्या मिनिटात खाली ओढलं. पुतळाबाईने काठी धरून ठेवली.

"आरं, ह्याच्यावर माझं नाव हाय, बघ!"

"म्हणून तर, मावशी. तुमच्या नावाचंच अतिक्रमण आहे."

काठ्या, तराजू आणि मी गाडीत पडलो. पाटी तिने छातीशी धरली म्हणून वाचली.

आता मी गोदामात आहे. आजूबाजूला हातगाड्या, वजनं, एक उसाचा चरक. माझी नोंद 'फाटकी ताडपत्री' अशी झाली आहे. अभिनंदन कोणाच्या लक्षात आलं नाही. काल पुतळाबाई इथे आली होती. मला वाटलं, मला न्यायला आली. गोदामातल्या बाबूने दंड आणि अर्ज सांगितला.

"ते ठेवा तुमच्याकडं," ती म्हणाली. "तेवढं बघा साहेब, माझा धोंडा तुमच्या गाडीत आलाय का?"

"धोंडा?"

"काळा. पाट्याचा. तो घेऊन गेले की मला कोणी उठवत नाय. सगळा बाजार वळखतो त्याला."

बाबू हसला. "मावशी, धोंडा आम्ही उचलत नाही. धोंड्याला महापालिका मानत नाही." मग तिच्याकडे बघून जरा ओशाळला, उठला आणि हातगाड्यांमागे वाकून खरंच पाहून आला. नव्हता.

ती गेली. सध्या रोज निराळ्या कोपऱ्यावर बसते, असं बाबूला सांगत होती. गाडी दिसली की पाटी उचलते. नळ जवळ नसल्याने दुपारपर्यंत मेथी मान टाकते.

माझं आता फार दिवस राहिलेलं नाही. मला कापून कोणाच्या गोठ्यावर घालतील किंवा जाळतील. जाळलं तर धूर काळा येईल, सांभाळा. तुम्हाला लॉटरी लागली तर काय कराल ते तुमच्यापाशी ठेवा, मी पुष्कळ ऐकलंय. दुसऱ्याला लागली असं ऐकलं, तर आनंद करण्याआधी ती दोन अक्षरं वाचा, आणि त्याच्या जागेला हात लावू नका. आणि माझ्यावरून कापून नेलेले चेहरे अजून कुणाकुणाच्या घरी गुंडाळून पडलेत. पुढच्या फ्लेक्सवर ते चिकटवण्याआधी त्यांना एक प्रश्न विचारा.

फुटक्या पाट्याचा काळा तुकडा, एका बाजूला टाकी लावलेली. रविवारी सत्काराला येताना पुतळाबाईने तो नळाशेजारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. बुधवारी सकाळी ती पाटी घेऊन आली तेव्हा तो तिथे नव्हता. तो कोणी उचलला, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.